कसं काढलंस?

४२ मधून २७ वजा करताना लहान मुलं अनेकदा २५ लिहितात. फुली मारली की विषय संपतो. ‘कसं काढलंस?’ विचारलं, तर मूल सांगतं, दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले. दशक सुटा करायचा असतो, हेच त्याला उमगलेलं नाही! बरोबर उत्तरालाही हाच प्रश्न विचारावा, नाहीतर ‘कसं?’ म्हणजे ‘चुकलं’ असंच मुलांना वाटतं.

आणि मग थांबावं. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेला १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांत दिसलं, की शिक्षक उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले, तर उत्तरं लांबतात, अबोल मुलंही बोलू लागतात.

आज घरी विचारून पाहा: उत्तर १५ येईल, अशा किती वजाबाक्या तुला सुचतात?