शैवालाचे दोहन

एकेकटे डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म शैवालापासून गाड्यांसाठी जैवडिझेल काढण्याची विद्या ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना हे ठाऊक असते की ह्या जिवाच्या पोटी तेल साठते ते मुख्यतः उपासमारीच्या दिवसांत. पाण्यातले नत्र संपले म्हणजे पेशीला प्रथिने घडविता येत नाहीत व तिचे विभाजन थांबते; परंतु माथ्यावरचा सूर्य काही थांबत नाही, आणि वाढीच्या कामी न लागणारा तो प्रकाश तिला अपायकारक होऊ लागतो. तेव्हा शोषलेल्या कर्बाचा मेद करून ती तो थेंबाथेंबाने आपल्यात साठवते, स्वतःचे हरितद्रव्य मोडते, आणि हिरवी होती ती पिवळी पडते. आपण ज्याला उत्पन्न म्हणतो ती तिची आपत्काळची शिदोरी होय. अधिक तेल हवे तर तिला उपाशी ठेवावे, ही तजवीज प्रयोगशाळांनी फार पूर्वीच केली, आणि ह्या तजविजीपाशी माझे मन नेहमी अडखळते. दुसऱ्या जिवाच्या क्लेशातून निघालेल्या विपुलतेवर आपला अधिकार कितपत पोचतो?

पेशीला मज्जातंतू नाहीत, मग क्लेश कसला, असे कोणी विचारील. जैन आगमांनी ह्या प्रश्नाचा विचार मज्जातंतूंच्या आधारे केलेला नाही. त्यांच्या वर्गीकरणात शेवाळ हा स्पर्शाखेरीज दुसरे इंद्रिय नसलेला एकेंद्रिय जीव. त्यातही तो साधारण वनस्पतिकायात, म्हणजे एकाच शरीरात अनंत जीव एकत्र नांदतात असे मानलेल्या वर्गात, मोडतो. श्रावकाने जे पंधरा व्यवसाय घोर कर्मबंधाचे म्हणून टाळावयाचे, त्या कर्मादानांची गणना उपासकदशांग सूत्रात आहे. तीत यंत्रपीडन, म्हणजे घाण्यात पिळून काढण्याचा धंदा, येतो, आणि तळी-सरोवरे आटविण्याचा धंदाही येतो. तळ्यातले पाणी काढून शैवाल वेगळे करणारा आणि मग त्याची पेशी फोडून तेल घेणारा मनुष्य ह्या दोन्ही कर्मांच्या किती समीप उभा असतो! हा निषेध जसाच्या तसा कारखान्यास लागू करावा असे माझे म्हणणे नाही. खनिज तेल जाळण्यानेही जीवहानी होतेच, आणि ते तेलही बव्हंशी पुरातन समुद्रांतल्या अशाच सूक्ष्म जीवांचे अवशेष. परंतु ती गणना करणाऱ्यांनी फळ मोजण्याआधी रीत पाहिली, हे मला फार मोलाचे वाटते.

आणि रीत चुकली म्हणजे फळही हाती लागत नाही, हे अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या अनुभवावरून दिसून आले. १९७८ ते १९९६ ह्या काळात त्या खात्याने जलचर वनस्पतींपासून इंधन काढण्याचा मोठा कार्यक्रम चालविला, तीन हजारांहून अधिक वाण गोळा केले, न्यू मेक्सिकोतील रॉसवेल येथे उघड्या तळ्यांत त्यांची लागवड करून पाहिली. १९९८ च्या अखेरच्या अहवालाने जे कबूल केले ते असे, की नत्राच्या उपासाने पेशीपेशीतले तेलाचे प्रमाण वाढते खरे, पण वाढच खुंटत असल्यामुळे तळ्याचे एकंदर उत्पन्न वाढत नाही. दुष्काळी सालात रयतेकडून पुरता सारा वसूल करणाऱ्या कारभाऱ्याच्या दप्तरात त्या वर्षीची जमा भरघोस दिसते, आणि पुढल्या मृगाला नांगर धरावयास गावात माणूस उरत नाही.

पुढे २०१७ मध्ये सिंथेटिक जीनोमिक्स आणि एक्झॉनमोबिल ह्या कंपन्यांच्या संशोधकांनी नॅनोक्लोरोप्सिस नामक शैवालातील एका नियामक जनुकाला हात घातला. ते जनुक समूळ बंद केले तेव्हा तेल वाढले पण जीव खंगला. त्याचा जोर नुसता कमी केला तेव्हा मात्र पोटभर नत्र मिळत असतानाही तेलाचे प्रमाण सुमारे वीस टक्क्यांवरून चाळीस टक्क्यांच्या वर गेले, आणि वाढ फारशी ढळली नाही. भरल्या पोटी दुष्काळाचा व्यवहार करावयास लावलेला हा जीव पाहून माझी शंका पुरती मिटत नाही. तरी उपासमारीहून ही रीत मला सौम्य वाटते, आणि समूळ बंदोबस्ताने जे साधले नाही ते मर्यादेने साधले, ह्याकडे डोळेझाक करवत नाही.

भागवताच्या चतुर्थ स्कंधात पृथुराजाची कथा आहे. पृथ्वीने औषधी आपल्या पोटात दडविल्या, प्रजा भुकेने व्याकुळ झाली, तेव्हा पृथूने धनुष्याला बाण लावला आणि पृथ्वी गायीच्या रूपाने पळत सुटली. अखेर तिनेच उपाय सांगितला: मला वासरू आणून दे, म्हणजे वात्सल्याने मला पान्हा फुटेल. पृथूने स्वायंभुव मनूला वासरू केले आणि स्वहस्ते तिचे दोहन केले. नेदरलँड्समधील वाखेनिंगेनच्या शास्त्रज्ञांनी ड्युनालिएला शैवाल न मारता त्यातले कॅरोटीन वरच्या द्रावकाच्या थरात उतरवून घेण्याचा प्रयत्न केला आणि ह्या रीतीला दोहन हेच नाव दिले, हे वाचले तेव्हा मला ही कथा आठवल्यावाचून राहिली नाही. जैवडिझेलाच्या मेदाचे असे दोहन अद्याप व्यवहारात उतरलेले नाही. बोट्रिओकॉकस हे शैवाल आपला तेलकट द्रव आपण होऊन पेशीबाहेर साठवते, पण ते अतिशय सावकाश वाढते.

परंतु पेशी फोडावीच लागली तरी वासराचा वाटा राखता येतो. ज्या मेदापासून हे इंधन होते त्यात केवळ कर्ब, हायड्रोजन आणि प्राणवायू असतात, हवेतून व पाण्यातून आलेले. ज्यांच्यावाचून शैवाल जगत नाही ते नत्र आणि स्फुरद उरलेल्या चोथ्यातच राहतात, आणि तो चोथा बंद टाकीत कुजविला असता जळाऊ वायू मिळून ती पोषकद्रव्ये पुष्कळ अंशी पुन्हा तळ्यात सोडता येतात. चोथा पशुखाद्य म्हणून विकला तर जमाखर्च लवकर जुळतो, पण मग नवे नत्र खताच्या पोत्यांतून आणावे लागते, आणि ते घडविण्यात बहुधा खनिज वायूच खर्ची पडलेला असतो. म्हणून अशा एखाद्या योजनेचे कागद हाती आले म्हणजे तेलाच्या आकड्याआधी मी ह्या चोथ्याची नोंद कोठे केली आहे ते शोधतो.