कोपऱ्यातली रिकामी जागा

हिर्डोशीत रेल्वे नाही. नीरा-देवघरच्या जलाशयाला बिलगून भोरचा रस्ता वरंध घाटाकडे निघून जातो, आणि हिरडस मावळाच्या या डोंगरांत इंजिनाची शिट्टी कल्पनेतच ऐकावी लागते. म्हणूनच की काय, रेल्वेचे डबे हातांनी घडवण्याचा छंद इथे अधिक निर्हेतुक, अधिक शुद्ध वाटतो. जुना निळा प्रवासी डबा सत्त्याऐंशी पटींनी लहान केला की जेमतेम 245 मिलिमीटर लांब आणि 37 रुंद उरतो. त्याची लाकडी चौकट जुळवताना दोन हात अपुरे पडतात, म्हणून चौकटीआधी फर्मा करावा लागतो: प्लायवूडचा सपाट पाट, गुण्या लावून काटकोनात ठोकलेल्या दोन पट्ट्या, आणि समोरून दाबणाऱ्या पाचरी.

प्लायवूडच का, ते इथला आषाढ सांगतो. अखंड फळी ओल्या हवेत रुंदीला फुगते, लांबीला जवळजवळ नाही, आणि काटकोन हळूच ढळतो. प्लायच्या थरांतले तंतू मात्र एकमेकांना आडवे असल्याने परस्परांना आवरून धरतात. (एकत्र कुटुंबाविषयी काही लिहिण्याचा मोह इथे मीही आवरतो.) काटकोन पारखायला कागदाची पट्टी पुरते. एका कर्णावर धरून खूण करावी, तीच पट्टी दुसऱ्यावर धरावी. आकड्याची गरजच पडत नाही. शुल्बसूत्रांच्या काळी वेदी आखणाऱ्यांच्या हाती दोरी होती, आणि कर्णाविषयी बौधायन जे जाणत होता ते त्या दोरीनेच त्याला शिकवले असावे, असे मला नेहमी वाटते.

पण फर्म्याचे खरे मर्म कोपऱ्यात आहे. दोन पट्ट्या जिथे मिळायला हव्यात तिथेच त्यांना मिळू द्यायचे नाही. बोटभर जागा रिकामी सोडायची. पाचर ठोकली की सांध्यातून फेविकॉलचा थेंब बाहेर येतो, आणि त्याला वाट नसेल तर तो चौकट फर्म्यालाच चिकटवतो, किंवा तिथेच वाळून पुढच्या प्रत्येक चौकटीला केसभर तिरपी करतो. साऱ्या चौकटी सारख्याच तिरप्या, त्यामुळे दोष कुणाच्या नजरेत भरत नाही. रूढी टिकतात त्या बहुधा अशाच. नेमकेपणाची कसोटी जिथे, तिथेच साच्याने हात काढून घ्यायचा, हे ज्ञानदेवांच्या ओवीला ठाऊक होते: तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि मोकळा.

एवढे करून डबा उभा राहतो कशावर? भाऊ जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय 1998 साली कोथरूडला उघडले. तिथल्या सत्त्याऐंशी पट लहान जगातही रुळांमधले अंतर 16.5 मिलिमीटर, म्हणजे परदेशी 1435 च्या मापाचे. आपल्या 1676 च्या ब्रॉडगेजला 19.3 हवे. केसभराचा हिशेब ठेवणारी चौकट शेवटी जवळपास तीन मिलिमीटरच्या सर्वमान्य असत्यावर धावते. खऱ्या मापाचे रूळ हाताने घालणारे शौकीन असतात. त्यांच्याविषयी मला आदर आहे, पण मी बाजारातलेच घेतो.