दया आणि न्याय

पोळ्याच्या दिवशीं बैलाची पूजा करणारा आपला समाज निर्दय आहे, असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु प्रश्न दयेचा नसून न्यायाचा आहे. दया देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. न्याय हा घेणाऱ्याचा अधिकार होय. प्राण्यास बुद्धि किती हें न पाहतां त्यास वेदना होतात कीं नाहीं हें पाहावें, असें बेंथॅमनें १७८९ मध्यें सुचविलें. टॉम रीगन या अमेरिकन तत्त्वज्ञानें १९८३ मध्यें त्यापुढें जाऊन, प्राण्याचें मोल आपल्या उपयोगावरून ठरत नाहीं, असें प्रतिपादिलें.

बैलगाडा शर्यतींचा वाद या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. २०१४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें क्रौर्याच्या कारणास्तव त्या बंद केल्या. महाराष्ट्रानें २०१७ मध्यें कायदा करून त्यांस वाट दिली, आणि २०२३ मध्यें न्यायालयानें तो कायदा वैध ठरविला. शर्यती नसतील तर खिल्लार बैल पोसणार कोण, हा समर्थकांचा सवाल पोकळ नाहीं. तथापि पोसण्यानें करमणुकीसाठीं दमविण्याचा हक्क उत्पन्न होत असेल, तर तो तान्ह्या मुलावरही चालावयास हवा. तेंही बोलत नाहीं, तेंही आपल्याच अन्नावर वाढतें. तेथें तो हक्क कोणीही मानीत नाहीं. मग बैलापुरताच तो कोठून आला, याचा विचार समर्थकांनीं शांतपणें करावा, अशी आमची विनंति आहे.