एका अक्षराची चूक आणि राहुलाचा आरसा



वर्षावास आता संपत आला. आषाढ पौर्णिमेपासून आपण दर रविवारी ऑनलाइन जमून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन करतो आहोत. मागच्या रविवारी सम्यक स्मृतीचा भाग चालू असताना एका उपासिकेने विचारले, “माझा हेतू वाईट नव्हता, चूक नकळत झाली. मग ते अकुशल कर्म कसे? चेतना हेच कर्म, असे तथागतांनीच सांगितले आहे ना?” त्या दिवशी वेळ संपली आणि उत्तर राहून गेले. प्रश्न साधा नाही. आपण सगळेच रोज याच वाक्याच्या आडोशाला उभे राहतो. म्हणून आज एका घटनेच्या आधारे त्यावर विचार करू.

२० डिसेंबर १९९५. अमेरिकन एअरलाइन्सचे ९६५ क्रमांकाचे विमान मायामीहून कोलंबियातल्या काली शहराकडे निघाले. नाताळ चार-पाच दिवसांवर आला होता आणि बरेच जण सणाला घरी चालले होते. विमानात १६३ माणसे होती. मायामीतच सुमारे दोन तास उशीर झाला होता. विमान होते बोइंग ७५७, यंत्रसामग्री उत्तम होती आणि दोन्ही वैमानिक अनुभवी होते.

काली शहर एका लांब दरीत वसले आहे, दोन्ही बाजूंना उंच डोंगर. तिथले रडार काही वर्षांपूर्वी बंडखोरांनी उडवले होते, त्यामुळे नियंत्रकाला विमान पडद्यावर दिसत नव्हते. वैमानिक जे सांगतील तेच खरे धरायचे. विमान जवळ आल्यावर नियंत्रकाने विचारले, वळसा न घालता सरळ समोरच्या बाजूने उतरता येईल का? वेळ वाचणार होता. वैमानिक हो म्हणाले. पण त्यामुळे फार थोड्या वेळात फार खाली यायचे होते, नवा नकाशा काढायचा होता आणि संगणकात नवा मार्ग भरायचा होता. लवकर खाली येण्यासाठी त्यांनी पंखांवरचे वेगरोधक उघडले.

त्या वाटेवर रोझो नावाचा एक रेडिओ दिशादर्शक होता. कागदी नकाशावर त्याची खूण ‘आर’ हे एकच अक्षर. वैमानिकाने संगणकात ‘आर’ टाइप केले. संगणकाने यादी दाखवली आणि त्याने यादीतले पहिले नाव निवडले. पण ते रोझो नव्हते. ते होते बोगोटाजवळचे रोमिओ, तिथून १३० मैलांहून अधिक दूर. रोझो संगणकात त्या एका अक्षराखाली साठवलेलेच नव्हते, ते पूर्ण नावाने होते. संगणकाने जे सांगितले ते निमूटपणे केले आणि विमान डावीकडे, डोंगरांच्या दिशेने वळले. जवळजवळ एक मिनिट ते वळणे कुणाच्या ध्यानात आले नाही. ध्यानात आले तेव्हा त्यांनी विमान उजवीकडे घेतले, पण खाली उतरणे थांबवले नाही. जमीन जवळ आल्याचा इशारा वाजला. त्यांनी इंजिनांना पूर्ण जोर दिला, नाक वर उचलले. मात्र वेगरोधक उघडेच राहिले होते. रात्री पावणेदहाच्या सुमारास विमान बूगा गावाजवळच्या डोंगरावर आदळले. १५९ माणसे गेली, चार प्रवासी वाचले.

अशी बातमी ऐकली की आपल्याकडे पहिले वाक्य येते, “त्यांची वेळ भरली होती.” बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपल्या हाती जो धम्म दिला, त्यात या वाक्याला जागा नाही. हे असल्यामुळे ते होते, हे नसेल तर ते होणार नाही, अशी प्रतीत्यसमुत्पादाची दृष्टी आहे. उशीर होता, म्हणून घाई होती. घाई होती, म्हणून जवळची वाट घेतली. ती घेतली, म्हणून काम वाढले. काम वाढले, म्हणून तपासणे राहिले. साखळीतली कुठलीही एक कडी तुटली असती तरी ती माणसे सणाला घरी पोहोचली असती. ‘नशीब’ म्हटले की कड्या शोधण्याचे काम थांबते आणि तोच अपघात दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येतो.

आता उपासिकेच्या प्रश्नाकडे येऊ. त्या वैमानिकांची चेतना वाईट होती का? मुळीच नाही. त्यांनाही घरी जायचे होते. कुणाला मारण्याची चेतना नव्हती, म्हणून प्राणघाताचे कर्म त्यांच्या माथी मारता येणार नाही. पण धम्म इथे थांबत नाही. वाईट हेतू नसणे ही एक गोष्ट, सावध असणे ही दुसरी. तथागतांनी महापरिनिर्वाणापूर्वीचा शेवटचा उपदेश केला तो अप्रमादाचा. प्रमाद म्हणजे दुष्टपणा नव्हे. प्रमाद म्हणजे जिथे मन हवे तिथे ते नसणे. बाबासाहेबांनीही सम्यक स्मृतीचा अर्थ मनाची अखंड जागृती असाच सांगितला आहे. हेतू शुद्ध ठेवणे आपल्या हाती आहे, तसेच तपासून पाहणेही आपल्याच हाती आहे. जे हाती असून केले नाही, त्याची जबाबदारी उरते.

ही जबाबदारी कशी पार पाडावी, हे तथागतांनी स्वतःच्या मुलाला सांगितले. मज्झिम निकायातल्या अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्तात ते राहुलाला विचारतात, आरसा कशासाठी असतो? राहुल म्हणतो, पाहण्यासाठी. मग ते सांगतात की कायेचे, वाणीचे आणि मनाचे प्रत्येक कर्म असेच पाहून पाहून करावे. करण्याआधी पाहावे, करत असताना पाहावे, केल्यानंतर पाहावे.

या तीन वेळा त्या विमानात लावून बघा. बटण दाबण्याआधी, हे नाव माझेच आहे का? दाबल्यावर, विमान कुठे वळते आहे? वळल्यावर, हे मला हवे होते का? तीनपैकी एका वेळी जरी आरसा हाती घेतला असता तरी पुरे होते. तुमच्यापैकी कितीतरी जण संगणकावर काम करता, कुणी रुग्णालयात आहात. ईमेलच्या पत्त्यात पहिले अक्षर टाकताच जे नाव पुढे येते त्यावर आपण बोट ठेवतो. औषधांच्या यादीत सारखी दिसणारी दोन नावे असतात. यादीतले पहिले नाव आपलेच असणार, ही सवयीची समजूत आहे. तिला स्मृती म्हणत नाहीत.

दुसरी गोष्ट प्रवारणेची. अश्विन पौर्णिमेला, वर्षावासाच्या शेवटी, प्रत्येक भिक्खू संघापुढे विनंती करतो की माझ्यात काही दोष पाहिला असेल, ऐकला असेल किंवा त्याची शंका आली असेल, तर अनुकंपेने मला सांगा. स्वतः तथागतांनीही संघापुढे अशी प्रवारणा केली. यातला ‘शंका’ हा शब्द नीट ध्यानात घ्या. पुरावा हाती येईपर्यंत थांबा, असे तिथे म्हटलेले नाही. शंका आली तरी सांगा.

त्या विमानातल्या संभाषणाच्या नोंदीत दोघेही वैमानिक आपण नेमके कुठे आहोत असे एकमेकांना विचारताना ऐकू येतात. शंका दोघांनाही होती. पण ‘आधी खाली उतरणे थांबवू, मग वाट शोधू’ असे कुणी म्हटले नाही.

आपल्या घरातले बघा. नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेली आई गाडीत मागे बसलेली असते. ती म्हणते, “बाळा, विहाराचा रस्ता मागे गेला वाटतं.” आपण म्हणतो, “आई, मॅप सांगतोय ना, तू बस शांत.” या देशात एकाच नावाची गावे राज्याराज्यांत आहेत आणि मॅप चुकीच्या गावीही तितक्याच विश्वासाने नेतो. आईची शंका हीच त्या क्षणी आपली प्रवारणा असते. तिला गप्प करणारा माणूस मोठ्या जागेवर बसला की हाताखालच्यांनाही असेच गप्प करतो.

तिसरी गोष्ट त्या उघड्या राहिलेल्या वेगरोधकांची. वर जायचे होते, इंजिने पूर्ण जोराने चालू होती, पण उतरण्यासाठी आधी जे उघडले होते ते मिटायचे राहून गेले. ते मिटले असते तर विमान डोंगरावरून निघून जाण्याची शक्यता होती, असे पुढे तपासात दिसले. आपणही वर्षावासात शील घेतो, ध्यानाला बसतो, दान देतो. मात्र भावाशी धरलेला अबोला तसाच उघडा असतो, जुना द्वेष तसाच असतो. मग म्हणतो, इतके करूनही मन वर का उठत नाही? नवा जोर लावण्याआधी जुने काय उघडे आहे, ते बघावे.

शेवटी करुणेबद्दल. सन २००० मध्ये मायामीतल्या ज्यूरीने या अपघाताची जबाबदारी वाटून दिली. विमान कंपनीवर ७५ टक्के, नकाशे आणि माहिती पुरवणाऱ्या कंपनीवर १७ टक्के, संगणक बनवणाऱ्या कंपनीवर ८ टक्के. म्हणजे न्यायाच्या दारातही एकाच बोटाला दोष देऊन काम भागले नाही. पुढे विमानांत डोंगर आधीच ओळखून इशारा देणारी यंत्रणा बसवणे या देशात सक्तीचे झाले. अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांपुढे १९९७ मध्ये वॉरेन व्हॅन्डरबर्ग यांनी एक व्याख्यान दिले, ते आजही दाखवले जाते. त्याचा सारांश असा की, गोंधळ वाढला तर संगणकात आणखी बटणे दाबत बसू नका, त्याचा आधार कमी करा आणि विमान स्वतः हाती घ्या. राहुलाला सांगितलेली तिसरी वेळ ती हीच. चूक झाल्यावर ती जाणत्यांपुढे उघड करावी आणि पुढे संयम धरावा. लपवलेली चूक पुन्हा घडते, उघड केलेली चूक इतरांना वाचवते.

तेव्हा ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे. हेतू वाईट नव्हता, म्हणून स्वतःचा धिक्कार करू नका. पण हेतू वाईट नव्हता म्हणून आरसा खाली ठेवू नका. या अश्विन पौर्णिमेला प्रत्येकाने घरातल्या एका माणसाला विचारावे, “माझे काही चुकते आहे अशी तुला शंका आहे का?” आणि उत्तर येईल तेव्हा मध्ये बोलू नये.

सर्वांचे मंगल होवो. नमो बुद्धाय. जय भीम.