पडद्यावरच्या आकड्याचे प्रामाण्य

धान्याच्या आडतीवर, औषधांच्या घाऊक दुकानात किंवा वीस-पंचवीस कामगारांच्या कारखान्यात मालकाने खास आपल्या धंद्यापुरते सॉफ्टवेअर करून घेतले की वहीच्या आधी बोलणे बदलते. ‘दिवाणजी म्हणतात, शिल्लक इतकी आहे’ हे वाक्य मागे पडते आणि ‘कॉम्प्युटर दाखवतो, शिल्लक इतकी आहे’ हे रूढ होते. ‘म्हणतात’ या क्रियापदामागे बोलणारा माणूस उभा असतो. त्याला उलट प्रश्न विचारता येतो. ‘दाखवतो’ म्हटले की आरसा डोळ्यांसमोर येतो, आणि आरशाशी कोणी वाद घालत नाही. हा आकडा ज्ञानाच्या कोणत्या साधनाने मिळाला, म्हणजे तो कोणते प्रमाण आहे, हा प्रश्न म्हणूनच धंद्याचाही आहे आणि दर्शनशास्त्राचाही.

तो प्रत्यक्ष वाटतो, कारण डोळ्यांना दिसतो. पण डोळ्यांना दिसतात ती फक्त अक्षरे; गल्ल्यातली रोकड किंवा गोदामातली पोती त्यात दिसत नाहीत. धुरावरून अग्नी ओळखावा तसे हे अनुमान आहे, असे म्हणता येईल. दिङ्नाग आणि धर्मकीर्ती या बौद्ध आचार्यांनी प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोनच प्रमाणे मानली आणि दुसऱ्याच्या सांगण्यावरून होणारे ज्ञानही अनुमानातच घातले. तरीही धूर आणि सॉफ्टवेअर यांत मोठे अंतर आहे. धूर कोणाच्या इच्छेने वर जात नाही. वटाव आधी वजा करायचा की हमाली आधी लावायची, हे मात्र कोणीतरी ठरवलेले असते, भाषेत मांडलेले असते आणि मग प्रोग्राममध्ये उतरवलेले असते. पडद्यावरचा आकडा हे त्या माणसाचे, काही महिन्यांपूर्वी बोलून ठेवलेले वाक्य आहे. मालकाला ते आज ऐकू येते इतकेच. न्यायदर्शनाच्या भाषेत हे शब्दप्रमाण ठरते.

शब्द केव्हा प्रमाण मानावा, याचे उत्तर गौतमाच्या न्यायसूत्रांत आप्त या कल्पनेने दिले आहे, आणि भाष्यकार वात्स्यायनाने ती कल्पना उलगडली आहे. आप्त म्हणजे ज्याने ती वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे असा माणूस. ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या तिघांनाही वात्स्यायन हीच कसोटी लावतो. कुळ आणि पंथ बाजूला ठेवून ज्ञान आणि प्रामाणिकपणा एवढ्यावरच विश्वास तोलणारी ही भूमिका आजही ताजी वाटते.

सांगून करून घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र या आप्ताचे तुकडे पडलेले असतात. कांदा वाळून वजनात किती घट धरायची, शेतकऱ्याने आगाऊ नेलेली उचल कोणत्या पट्टीतून वळती करायची, पैशांची पूर्णांकात गोळाबेरीज कोणत्या टप्प्यावर करायची, हे आडत्याला ठाऊक असते. प्रोग्रामरला ते एका दुपारच्या बैठकीत कळते, आणि त्या बैठकीत आडत्या नेमके तेच सांगायचे विसरतो जे त्याला उघडच वाटते. दोघेही प्रामाणिक असतात. तरी स्वतः जाणणे ही वात्स्यायनाची पहिली अट दोघांमधल्या सांध्यावर निसटते. या सांध्यावरचा इलाज साधा आणि कंटाळवाणा आहे. प्रोग्रामरने काही दिवस गल्ल्याशेजारी बसून व्यवहार पाहावेत. प्रत्येक नियम आधी दुकानाच्या बोलीत कागदावर लिहून त्यावर दोघांनी सह्या कराव्यात. जुन्या पावत्यांपैकी मुद्दाम अडचणीच्या निवडून, म्हणजे परत आलेला माल, अर्धवट मिळालेले पैसे, चुकून दोनदा झालेली नोंद अशा, त्यांचे हाताने केलेले हिशेब नव्या सॉफ्टवेअरशी ताडून पाहावेत. सरळ पावत्यांनी घेतलेल्या चाचणीत फारसे काही हाती लागत नाही.

शब्दप्रमाणाचा दुसरा विचार मीमांसकांचा. त्यांच्या मते वाक्यातला दोष नेहमी वक्त्याकडून येतो: त्याचे अज्ञान, त्याची फसवणूक, त्याचा निष्काळजीपणा. वेदाला वक्ताच नाही, तो अपौरुषेय आहे; म्हणून दोषाला राहायला जागाच उरत नाही. वेदाबद्दल कोणाचे मत काहीही असो, युक्तिवाद घट्ट आहे. आधुनिक व्यवहारात तोच युक्तिवाद, कोणाच्या ध्यानात न येता, यंत्राला लावला गेला. कॉम्प्युटरला लोभ नाही, तो थकत नाही, कोणाची बाजू घेत नाही. तेव्हा तो सांगेल ते खरे. यातली पहिली तीन विधाने खरी आहेत, पण त्यांतून चौथे निघत नाही. सॉफ्टवेअर ओळीओळीने पौरुषेय आहे. त्याचा वक्ता फक्त खोलीत हजर नसतो.

या गल्लतीची किंमत ब्रिटनमध्ये मोजली गेली. तिथल्या पोस्ट ऑफिसने १९९९ पासून आपल्या शाखांमध्ये होरायझन ही हिशेबप्रणाली बसवली. ती पोस्टासाठीच बनवून घेतलेली होती आणि फुजित्सूच्या मालकीच्या आयसीएल या कंपनीने उभी केली होती. अनेक शाखा चालवणारे सबपोस्टमास्तर हे पगारी नोकर नव्हते. गावातले किरकोळ दुकान सांभाळून ते करारावर टपालाचा काउंटर चालवत. हिशेबात तूट आली तर ती भरून देण्याचा बोजा करारामुळे त्यांच्यावर येई. होरायझन तूट दाखवू लागले, लोक स्वतःच्या बचतीतून, नातेवाइकांकडून उसने घेऊन पैसे भरू लागले आणि पुढे खटले उभे राहिले. १९९९ ते २०१५ या काळात या प्रणालीच्या आकड्यांच्या आधाराने नऊशेहून अधिक जण चोरी, अफरातफर किंवा खोटा हिशेब यांसाठी दोषी ठरले. भारतीय वंशाच्या सीमा मिश्रा यांना २०१० मध्ये पंधरा महिन्यांची कैद झाली, तेव्हा त्या गरोदर होत्या.

प्रणालीतल्या दोषांपैकी एक स्कॉटलंडमधल्या डॅलमेलिंग्टन या गावाच्या नावाने ओळखला जातो. शाखेत आलेली रोकड मिळाल्याची नोंद करताना पडदा अडकल्यासारखा होई. माणूस स्वाभाविकपणे कळ पुन्हा दाबी, आणि प्रत्येक दाबण्यासरशी तीच रक्कम गुपचूप पुन्हा नोंदली जाई. आठ हजार पौंडांची नोंद अशी चार वेळा झाली आणि कोणीही एक पेनी न उचलता चोवीस हजारांची तूट उभी राहिली. यंत्र इथे खोटे बोलले असे म्हणता येत नाही. अडकलेल्या पडद्यासमोर माणूस काय करील, याचा विचार लिहिणाऱ्याने केला नव्हता. दोष वक्त्याचाच होता.

इंग्लंडच्या कायद्यानेही त्या वक्त्याला अदृश्य केले होते. १९८४ च्या पोलीस आणि फौजदारी पुरावा कायद्याच्या ६९ व्या कलमानुसार कॉम्प्युटरचा पुरावा देणाऱ्याला यंत्र नीट चालत होते हे दाखवावे लागे. ते कलम रद्द झाले आणि २००० पासून, उलट काही दिसत नसेल तर यंत्र नीटच चालत होते, असे गृहीत धरले जाऊ लागले. हे वरवर स्वतःप्रामाण्यवादासारखे दिसते. ज्ञान उत्पन्न होताच प्रमाण मानावे, अप्रामाण्य मात्र बाहेरून सिद्ध व्हावे, ही मीमांसक कुमारिल भट्टांची सातव्या शतकातली भूमिका. पण कुमारिलांनी त्या विश्वासाला दोन दारे ठेवली होती. विरोधी ज्ञान पुढे आले किंवा ज्ञानाच्या कारणात दोष सापडला, तर आधीचे ज्ञान मागे घ्यावे. होरायझनच्या बाबतीत ही दोन्ही दारे लावून घेतली गेली. तक्रार करणाऱ्या अनेकांना ‘असा त्रास फक्त तुम्हालाच होतो आहे’ असे सांगण्यात आले, त्यामुळे एकाच्या अनुभवाला दुसऱ्याच्या अनुभवाचा आधार मिळेना. शाखेच्या हिशेबात दूर बसून बदल करण्याची सोय फुजित्सूकडे होती. तीही दीर्घकाळ नाकारली गेली. इतकेच काय, दाखवलेली शिल्लक मान्य केल्याखेरीज पुढच्या मुदतीचा हिशेब उघडत नसे. विश्वास टिकवण्यासाठी कुमारिलांनी मागितले असते तेवढेही इथे मागितले गेले नाही.

माजी सबपोस्टमास्तर ॲलन बेट्स यांच्या पुढाकाराने ५५५ जणांनी दिवाणी दावा लावला. डिसेंबर २०१९ च्या निकालात होरायझनमधले दोष आणि त्यांमुळे खोटी तूट दिसू शकते हे मान्य झाले. एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांची दोषसिद्धी रद्द केली, आणि मे २०२४ मध्ये उरलेल्या शेकडो जणांसाठी संसदेला स्वतंत्र कायदा करावा लागला. तोवर काही जण हे जग सोडून गेले होते.

नैयायिकांचा मार्ग कुमारिलांच्या उलट, परतःप्रामाण्याचा: ज्ञान खरे की नाही हे बाहेरून ठरावे. समोर दिसते ते पाणी की मृगजळ, याची खात्री पाहण्याने होत नाही. जाऊन पिण्याने, तहान भागण्याने होते. हिशेबात तहान भागणे म्हणजे गल्ला मोजणे, पोती मोजणे, बँकेच्या उताऱ्याशी तोंडमिळवणी करणे. एक गोष्ट इथे बहुतेक दुकानांत हुकते. सॉफ्टवेअरने दिलेली खतावणी त्याच सॉफ्टवेअरच्या ताळेबंदाशी जुळली तर त्याने काहीच सिद्ध होत नाही, कारण तोच वक्ता तेच वाक्य दोनदा बोललेला असतो. पडताळा यंत्राबाहेरचा हवा.

महाराष्ट्राच्या परंपरेत हिशेबातली चूक शोधण्याला आध्यात्मिक मान आहे. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे असताना एकनाथांना एका पैचा हिशेब लागत नव्हता, रात्रभर जागून ती चूक सापडली तेव्हा त्यांना आनंद झाला आणि एवढी एकाग्रता परमार्थाकडे वळवण्याचा उपदेश गुरूंनी केला, अशी आख्यायिका आहे. ती सहसा एकाग्रतेची गोष्ट म्हणून सांगितली जाते. तिच्यात आणखी एक गोष्ट गृहीत आहे: वही उघडी होती. नोंदीमागून नोंद उलटत चुकीपर्यंत पोचता येत होते. होरायझनच्या काउंटरवर बसलेला माणूस रात्रभर जागला तरी त्या पैपर्यंत पोचू शकत नव्हता, कारण मागच्या सगळ्या नोंदी त्याला दिसत नव्हत्या.

भारतीय पुरावा कायद्याने या बाबतीत सावध वाट धरली. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने जोडलेल्या ६५ ब कलमात, त्या काळात कॉम्प्युटर नीट चालत होता, ही अट होती आणि जबाबदार माणसाच्या सहीचे प्रमाणपत्र लागे. जालना मतदारसंघातल्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचा वाद याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयात गेला. उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की नाही, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणावरून ठरवायचे होते. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या खटल्यात जुलै २०२० मध्ये, मूळ उपकरणच न्यायालयापुढे आणले नसेल तर प्रमाणपत्र आवश्यक आहे, हे न्यायालयाने पक्के केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमात प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत: एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. सही मागणे म्हणजे वक्त्याला खोलीत बोलावणे. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची, बंद न करता येणारी नोंद राहिली पाहिजे, हा १ एप्रिल २०२३ पासूनचा नियमही त्याच दिशेचा.

हा नियम कंपन्यांपुरता असला तरी छोट्या धंद्यानेही तेवढेच मागून घ्यावे. एकच पासवर्ड चौघांनी वापरला तर कोणती नोंद कोणाची हे कळत नाही, म्हणून प्रत्येकाचे लॉगिन वेगळे असावे. सॉफ्टवेअर करून देणाऱ्याला दूरून शिरता येत असेल, तर त्याचे येणेजाणेही त्याच नोंदीत दिसावे. बॅकअप नुसता घेऊन ठेवू नये. मधूनमधून दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावा. निदान दोन-तीन महिने जुनी कीर्द आणि नवे सॉफ्टवेअर बरोबरीने चालवावे. आणि सगळ्यांत मोलाची सोय म्हणजे उचंत खाते: न पटलेली रक्कम तात्पुरती बाजूला टाकून, ती मान्य न करताही दिवस बंद करता आला पाहिजे. दिवाणजीला ‘हा आकडा मला पटत नाही’ असे लिहायला जी प्रणाली रकाना देत नाही ती कितीही देखणी असली तरी घेऊ नये.

उदाहरणांवरून स्वतः शिकणाऱ्या नव्या प्रणालींत अपौरुषेयतेचा भास आणखी गडद होतो. अमक्या गिऱ्हाइकाला उधार देऊ नये असे प्रणालीने सुचवले, तर ते कोणत्या नियमाने सुचवले हे तिच्या कर्त्यालाही बहुधा दाखवता येत नाही, कारण तसा नियम कोणी लिहिलेलाच नसतो. तरी उदाहरणे कोणीतरी निवडलेली असतात, आणि ती प्रणाली दुकानात कोणीतरी आणलेली असते. नैयायिकाची कसोटी इथेही चालते: सुचवलेले किती वेळा खरे ठरले, याची वेगळी वही ठेवता येते. मात्र उधारी नाकारलेले गिऱ्हाईक ‘का?’ म्हणून विचारायला येते, तेव्हा समोर गल्ल्यावर मालक बसलेला असतो, आणि त्या प्रश्नाचे उत्तर त्यालाच द्यायचे असते.