कलेचें शिखर आणि यंत्राची मर्यादा

कोणत्याहि कलेचा उत्कर्षकाळ कोणता, हा प्रश्न वरवर पाहतां इतिहासाचा दिसतो. परंतु थोडें खोल गेलें म्हणजे तो नीतीचाहि प्रश्न आहे असें आढळून येतें. कारण ‘अमुक सालीं ही कला शिखरास पोहोंचली’ असें म्हणतांना पुढील सर्व काळास आपण उतरती कळा लावीत असतों, आणि त्या काळांत श्रम करणाऱ्या माणसांच्या कामाची किंमत न पाहतांच ठरवून टाकतों. व्हिडिओ गेममधील द्विमिति चित्रकलेसंबंधानें हा प्रश्न आज वारंवार विचारला जातो, व त्याचें उत्तर बहुधा एका वाक्यांत दिलें जातें: विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत तिनें शिखर गांठलें, पुढें त्रिमिति चित्रें आलीं आणि सर्व संपलें. हें उत्तर कितपत खरें आहे, आणि तें जसेंच्या तसें स्वीकारण्यांत कोणता अन्याय होतो, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

मुलांच्या खेळांतील चित्रें हा गंभीर विचाराचा विषय होऊं शकतो काय, अशी शंका कित्येकांस येईल. न्यूयॉर्क येथील आधुनिक कलेच्या संग्रहालयानें सन २०१२ मध्यें ‘पॅक-मॅन’, ‘टेट्रिस’ इत्यादि चौदा व्हिडिओ गेम आपल्या संग्रहांत घेतले, एवढें सांगून शंकेखोरास गप्प करतां येईल. पण संग्रहालयाच्या दाखल्यानें कांहीं कला ठरत नसते. खरें कारण याहून साधें आहे. ज्या चित्रांकडे एखादें मूल रोज तासन् तास एकाग्र होऊन पाहतें, तितक्या लक्षपूर्वक पाहिलीं गेलेलीं चित्रें जगांत फार थोडीं असतील. जेथें एवढें लक्ष वेंचलें जातें, तेथें विचारहि वेंचला पाहिजे.

या कलेचा जन्म दारिद्र्यांत झाला. सन १९८१ मध्यें जपानांतील निन्टेन्डो कंपनीच्या ‘डाँकी काँग’ या खेळासाठीं शिगेरु मियामोतो यांनीं एक लहानसा पुरुष रेखाटला. सुमारें १६ ठिपके उंच व तितकेच रुंद अशा चौकटींत त्याला बसवावयाचें होतें. ठिपक्यांच्या रांगोळींतहि ठिपके मोजूनच काम करावें लागतें. परंतु अंगण मोठें असेल तर रांगोळी काढणारी बाई दोन ठिपके वाढवूं शकते. येथें तीहि मुभा नव्हती. तोंड काढण्यास जागा नाहीं, म्हणून मिशा. केस नीट उठणार नाहींत, म्हणून टोपी. धांवतांना हात अंगापासून निराळे ओळखूं यावेत, म्हणून अंगांतील सदरा एका रंगाचा व वरचा पोशाख दुसऱ्या रंगाचा. हाच पुरुष पुढें मारिओ या नांवानें जगप्रसिद्ध झाला. सन १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या खेळांत आकाशांतील ढग आणि जमिनीवरील झुडपें यांची आकृति एकच आहे. रंग मात्र निराळा. सबंध खेळ ४० किलोबाइटांत बसवावयाचा असल्यामुळें ही काटकसर करावी लागली. आज एखाद्या साध्या छायाचित्रासहि याच्या कितीतरी पट जागा लागते.

पुढील दहा-बारा वर्षांत हें दारिद्र्य कमी झालें, पण संपलें नाहीं. आणि या कलेचें भाग्य नेमकें या अधल्यामधल्या स्थितींत होतें. सन १९९० च्या सुपर फॅमिकॉम यंत्राजवळ ३२,७६८ रंग होते, परंतु एका वेळीं साधारणतः त्यांतले २५६ च पडद्यावर आणतां येत. सेगा कंपनीच्या ‘सॉनिक द हेजहॉग’ (१९९१) या खेळांत धबधबा दाखवावयाचा होता आणि पाण्यास पारदर्शकपणा देण्याचें सामर्थ्य तर यंत्रांत नव्हतें. चित्रकारांनीं एकाआड एक उभ्या रेघा काढून मधली जागा मोकळी सोडली. त्या काळच्या कांचेच्या नळीच्या दूरचित्रवाणी संचावर त्या रेघा एकमेकींत विरघळत आणि मागचा देखावा पाण्यांतून दिसल्याचा भास होई. अर्धें चित्र माणसानें काढावें व उरलेलें अर्धें पडद्याच्या दोषानें पुरें करावें, असा हा विलक्षण संकेत होता.

याच दशकांत एकामागून एक उत्तम कृति बाहेर पडल्या. सन १९९४ मध्यें रेअर या इंग्लिश कंपनीनें ‘डाँकी काँग कंट्री’साठीं शक्तिमान् संगणकांवर घन आकृति घडवून त्यांचीं सपाट चित्रें खेळांत बसविलीं, दुसऱ्याच वर्षीं ‘योशीज आयलंड’नें अगदीं उलट मार्ग धरला व मुलानें खडूंनीं रंगविलेल्या वहीच्या पानासारखें जग उभें केलें. ‘मेटल स्लग’ (१९९६) मधील रणगाडा एखाद्या गुबगुबीत प्राण्याप्रमाणें हेलकावे खात चालतो. ‘स्ट्रीट फायटर ३ : थर्ड स्ट्राइक’ (१९९९) मध्यें एकेका मल्लाच्या हालचालींसाठीं शेंकडों चित्रें काढलेलीं आहेत, आणि नुसता उभा राहिलेला मल्लहि तेथें श्वास घेत असतो. या पांच-सहा वर्षांस शिखर म्हणणाऱ्यांचें म्हणणें अगदींच निराधार आहे, असें कोण म्हणेल?

परंतु येथेंच एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. सोनीचें प्लेस्टेशन यंत्र जपानांत आलें तें सन १९९४ मध्यें, आणि ‘सुपर मारिओ ६४’ हा त्रिमिति खेळ आला तो सन १९९६ मध्यें. म्हणजे ज्या वर्षांस आपण शिखर म्हणतों, त्याच वर्षांत व्यवसायाचा पैसा व लोकांचें कौतुक दुसरीकडे वळत होतें. म्हातारपण येऊन, शक्ति क्षीण होऊन, सांगण्यासारखें कांहीं उरलें नाहीं म्हणून ही कला मागें पडली नाहीं. भर तारुण्यांत तिला बाजूस सारलें गेलें. मूकचित्रपटांचें असेंच झालें. मुर्नाऊ यांचा ‘सनराइज’ आणि बोलपटांच्या युगाची नांदी करणारा ‘द जॅझ सिंगर’ हे दोन्ही सन १९२७ चेच. आणि आपल्याकडे ज्या १९३१ सालीं ‘आलम आरा’ बोलूं लागला, त्याच सालीं चॅप्लिन यांनीं ‘सिटी लाइट्स’मध्यें आपल्या नायकाच्या तोंडून एकहि शब्द न उच्चारवितां जगास रडविलें. मूकपट मुका होता म्हणून अपुरा होता काय? तसें म्हणावयाचें तर पुतळा चालत नाहीं म्हणून शिल्पहि अपुरें म्हणावें लागेल.

संपणें आणि सोडून दिलें जाणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ‘शिखर’ या शब्दाचा दोष हा कीं, तो दुसरीस पहिलीचें रूप देतो. बाजारानें एखादी वस्तु टाकून दिली कीं, ‘तिचें शिखर होऊनच गेलें होतें’ असें म्हणून आपण त्या टाकण्यास निसर्गनियमाची प्रतिष्ठा देतों. मग कोणीं टाकली, कां टाकली, तिच्याबरोबर कोणाच्या हातचें कसब वायां गेलें, हे प्रश्नच उरत नाहींत. चढ आणि उतार हे डोंगराचे धर्म आहेत. माणसांच्या निर्णयांस ते लावणें ही सोयीची पळवाट आहे.

याच्या उलट असा आक्षेप घेतला जातो कीं, हें सर्व बालपणाचें कौतुक होय. ज्यानें दहाव्या वर्षीं जो खेळ पाहिला, तोच त्याला शिखर वाटतो. या आक्षेपांत तथ्य आहे, पण तो सर्वस्वीं खरा नाहीं. त्याच काळांतील आरंभींचीं त्रिमिति चित्रें घ्या. तींहि कोणाच्या तरी बालपणांतलींच आहेत. तरी त्यांतील पुष्कळांचे बोथट चेहरे व कोनाकोनांचे हात पाहून आज त्यांचे चाहतेहि हंसतात. ‘योशीज आयलंड’ पाहून मात्र कोणी हंसत नाहीं. असें कां व्हावें? पहिल्या प्रकारच्या चित्रांनीं प्रत्यक्ष सृष्टीशीं स्पर्धा मांडली होती, व त्या स्पर्धेंत उद्यांचें यंत्र कालच्या यंत्रास हरविणारच. दुसऱ्या प्रकारच्या चित्रांनीं आपला नियम आपणच घालून घेतला होता. त्यांस हरविणारा प्रतिस्पर्धीच नाहीं. जें दुसऱ्याच्या मापानें मोठें होऊं पाहतें तें लवकर जुनें होतें, हा अनुभव केवळ चित्रांपुरता नाहीं.

आतां सन १९९९ नंतरच्या काळाकडे वळूं. सन २००४ मध्यें दाइसुके आमाया या एकट्या गृहस्थांनीं ‘केव्ह स्टोरी’ हा खेळ तयार करून लोकांस फुकट दिला. ‘आउलबॉय’ या खेळाचें काम सन २००७ मध्यें सुरू झालें व तो सन २०१६ मध्यें प्रसिद्ध झाला. ‘कपहेड’ (२०१७) करणाऱ्या मोल्डनहाउअर बंधूंनीं १९३० च्या सुमारच्या व्यंगपटांची धाटणी उचलून कागदावर हातानें चित्रें काढविलीं, जलरंगांत देखावे रंगविले, आणि त्यासाठीं आपलीं घरें गहाण टाकलीं. यांतील कोणावरहि यंत्राची सक्ति नव्हती. हवे तितके रंग, हवी तितकी जागा उपलब्ध असतांना त्यांनीं थोडक्यांत भागविण्याचें ठरविलें.

उपासमार आणि उपवास यांत पोट दोन्हीकडे रिकामेंच असतें. परंतु एक भोगावी लागते, दुसरा आपण करतों. मियामोतो यांच्या पिढीची मर्यादा ही परिस्थितीनें लादलेली होती; आजच्या कलावंतांची मर्यादा हें व्रत आहे. यांत श्रेष्ठ कोण? व्रत हें स्वेच्छेनें घेतलेलें असल्यामुळें नैतिकदृष्ट्या तेंच वरचढ, असें वाटणें साहजिक आहे. पण व्रताची एक अडचण आहे: तें मोडणें फार सोपें असतें. जुन्या यंत्रावर सतरावा ठिपका काढतांच येत नसे. आज तो न काढण्याचा निश्चय रोज नव्यानें करावा लागतो. म्हणूनच आजच्या पुष्कळशा ठिपकेदार चित्रांत ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ असा प्रकार दिसतो. आकृति चौकोनी ठिपक्यांची, पण तिच्यावर पडणारा उजेड, धूर, धुकें हें सारें अमर्याद यंत्राचें. तेथें ठिपका हा नियम नसून नुसता पेहराव असतो. उलट जेथें व्रत मनापासून पाळलें जातें, तेथें जुन्यांच्या तोडीचें काम आजहि होतें, आणि त्यास ‘शिखरानंतरचें’ म्हणून हिणविणें हा शुद्ध अन्याय होय.

मग जुन्या काळाचें वैशिष्ट्य कांहींच नव्हतें काय? होतें, पण तें चित्रांत नव्हे, चित्रशाळेंत. त्या वेळीं एका छपराखालीं कित्येक चित्रकार पगारावर हेंच काम करीत. नवखा अनुभवी माणसाच्या शेजारीं बसे व कोणता ठिपका गाळावा हें पाहून पाहून शिके. कसब हा त्या धंद्याचा नित्यक्रम होता; त्यासाठीं कोणास घर गहाण टाकावें लागत नसे. आज तेंच कसब टिकविण्यास बहुधा एकट्यादुकट्याची जिद्द लागते. म्हणून सन १९९४ ते १९९९ हीं वर्षें त्या कारखानदारीचें शिखर म्हणावयास आमची हरकत नाहीं. कलेचें शिखर मात्र सालावर कोरतां येत नाहीं. तें एकेका कृतींत शोधावें लागतें, आणि तें १९८५ मध्यें सांपडतें तसें २०१७ मध्येंहि सांपडतें.

वाचकांस याचा उपयोग काय? घरांतील मुलाच्या हातीं एखादा जुना खेळ लागला तर ‘हें जुनें झालें’ एवढ्यानें तो बाजूस सारूं नये, आणि ‘तसें आतां होणें नाहीं’ असा सुस्काराहि टाकूं नये. तीं चित्रें ज्या कांचेसाठीं काढलीं होतीं ती आज बहुतेक घरांतून गेली आहे. नव्या सपाट पडद्यावर तेच ठिपके कठोर व उघडे दिसतात आणि धबधब्याच्या रेघा रेघाच राहतात. तेव्हां त्यांतील पाणी पाहण्यासाठीं पाहणारानेंच थोडे श्रम घेतले पाहिजेत. ज्यांनीं प्रत्येक ठिपका विचार करून ठेवला, त्यांचें एवढें देणें आपणांकडे लागतें.