सोपं सांगणं : उपकार की कर्तव्य?

मंडळाच्या पॉटलकला जेवणं उरकून मंडळी बेसमेंटमध्ये जमली की विषय हमखास पैशावर येतो. मॉर्गेजचा दर, रिटायरमेंटची पुंजी, मुलांच्या कॉलेजचा खर्च, पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं. तासभर गप्पा रंगतात आणि त्यात कुणालाच आपण अडाणी आहोत असं वाटत नाही. पण मध्येच कुणी 'अर्थशास्त्र' हा शब्द उच्चारला की हीच मंडळी हात वर करतात. "ते आपलं काम नव्हे बुवा!" वर्तमानपत्रातलं ते पानही आपण न वाचताच उलटतो. पैसा आपला, पण त्याचं शास्त्र मात्र परक्याचं, असा हा प्रकार आहे.

यातून एक प्रश्न मला बरीच वर्षं छळतो आहे. जाणकाराने आपलं ज्ञान सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत सांगितलं, तर तो त्याचा मोठेपणा समजायचा की त्याने फेडलेलं देणं? आणि ऐकणाऱ्याकडेही काही देणं निघतं की नाही? मी अर्थशास्त्रज्ञ नाही. पेशाने सिव्हिल इंजिनिअर, पुलांची गणितं करण्यात तीसेक वर्षं गेली. पण अमर्त्य सेन यांची पुस्तकं वाचता वाचता या प्रश्नाचं थोडंफार उत्तर हाती लागलं असं वाटतं, म्हणून हा लेखनप्रपंच.

सेन यांना १९९८ साली नोबेल आणि १९९९ साली भारतरत्न मिळालं हे आपल्याला ठाऊक असतंच. मला भावलं ते मात्र त्याआधीचं, १९७० सालचं एक पुस्तक. त्याचं नाव 'कलेक्टिव्ह चॉइस अँड सोशल वेल्फेअर'. विषय असा की माणसं अनेक, त्यांच्या आवडीनिवडी वेगळ्या, तर त्यातून सगळ्यांचा मिळून एक निर्णय न्याय्य रीतीने कसा काढायचा?

वाटतं तितकं हे साधं नाही. आपल्याच गणपतीचं उदाहरण घ्या. गणपती शाळेच्या हॉलमध्ये बसवायचा, देवळात की कम्युनिटी सेंटरमध्ये? जोश्यांची पसंती आधी शाळा, मग देऊळ, मग सेंटर. पाटलांची आधी देऊळ, मग सेंटर, मग शाळा. कुलकर्ण्यांची आधी सेंटर, मग शाळा, मग देऊळ. आता मतं मोजा. शाळा आणि देऊळ यांत शाळा दोन मतांनी जिंकते. देऊळ आणि सेंटर यांत देऊळ जिंकतं. म्हणजे शाळा सगळ्यांत वरचढ ठरायला हवी. पण सेंटर आणि शाळा यांत मत घेतलं तर सेंटर जिंकतं! बहुमत गोल गोल फिरत राहतं आणि बाप्पा तसेच गाडीत बसून राहतात. हा पेच अठराव्या शतकात कोंडोर्से या फ्रेंच विद्वानाने मांडला होता. केनेथ ॲरो यांनी १९५१ साली त्याच्याही पुढे जाऊन सिद्ध केलं, की काही साध्या आणि वाजवी अटी एकाच वेळी पाळणारी अशी निर्णयपद्धत असूच शकत नाही.

सेन यांचं पुस्तक या प्रश्नाचा पुढचा प्रवास आहे. त्याची रचना मोठी विलक्षण आहे. एक प्रकरण साध्या गद्यात, तर त्याच्या जोडीचं, क्रमांकावर तारा छापलेलं प्रकरण निव्वळ गणितात. ज्याला गणित झेपतं त्याने ताऱ्याच्या दाराने यावं, ज्याला झेपत नाही त्याने साध्या दाराने. घर एकच. साध्या प्रकरणांतल्या मुद्द्याची सिद्धता ताऱ्याच्या प्रकरणांत मांडलेली असते, आणि ताऱ्यातल्या निष्कर्षाचा अर्थ साध्या प्रकरणांत उलगडलेला असतो. आमच्या धंद्यात गणिताची फाइल वेगळी आणि लोकांना वाटायचं माहितीपत्रक वेगळं असतं, आणि पुष्कळदा या दोहोंची भेटच होत नाही. सेन यांनी ती एकाच मुखपृष्ठाखाली घडवली.

दुसरं पुस्तक १९८१ सालचं, 'पॉव्हर्टी अँड फॅमिन्स'. १९४३ साली बंगालमध्ये भुकेने हाहाकार माजला. सेन यांच्या अंदाजाप्रमाणे तीस लाखांच्या आसपास माणसं गेली. तेव्हा ते नऊ वर्षांचे होते आणि शांतिनिकेतनात आजोबांकडे राहत होते. दारी येणाऱ्या भुकेल्यांना सिगारेटच्या डब्याच्या मापाने तांदूळ द्यायची परवानगी आजोबांनी त्यांना दिली होती. मोठेपणी त्यांनी आकडे तपासले. त्या वर्षी बंगालमधलं धान्य आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा सुमारे ५ टक्क्यांनीच कमी होतं, आणि १९४१ सालापेक्षा तर १३ टक्क्यांनी जास्त होतं. १९४१ साली मात्र असा दुष्काळ पडला नव्हता. मग माणसं मेली कशाने?

त्यांचं उत्तर शाळकरी पोरालाही कळेल असं आहे. बाजारात धान्य असणं ही एक गोष्ट आणि ते धान्य आपल्या ताटात आणण्याची ऐपत असणं ही दुसरी. युद्धाच्या खर्चामुळे भाव भडकले. कलकत्त्याच्या कारखान्यांतल्या कामगारांना स्वस्त धान्य मिळालं, पण खेड्यातल्या शेतमजुराची मजुरी भावाबरोबर वाढली नाही. कोळ्याच्या मासळीला आणि न्हाव्याच्या कामाला तांदळाच्या मानाने किंमत उरली नाही. सेन यांनी एका हजामतीत किती तांदूळ येतो याचा हिशेब मांडला. एवढा गंभीर विषय आणि माप काय, तर हजामत! पण ज्याची हजामतीवर गुजराण होती त्याच्यासाठी तोच जगण्यामरण्याचा हिशेब होता.

हे वाचताना मला १९७२ आठवलं. नगर जिल्ह्यातलं आमचं गाव. तेव्हा मीही नऊ वर्षांचाच होतो. विहिरी आटल्या, गुरं कवडीमोलाने गेली, शेतात काही पिकलं नाही. आई खडी फोडायला जाऊ लागली. आठवड्याचा पगार झाला की अमेरिकेहून आलेली लालसर मिलो घरी यायची. तिची भाकरी घशाखाली उतरत नसे, पण पोट भरे. शाळेत सुकडी मिळे. हाल अतोनात झाले, पण आमच्या गावात भुकेने कुणी मेलं नाही. पुढे ज्याँ द्रेझ आणि सेन यांच्या १९८९ सालच्या पुस्तकात महाराष्ट्राचा हाच अनुभव वाचायला मिळाला. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. पीक बुडालं होतं, पण हाताला काम आणि कामाला दाम होता, म्हणून माणसं तगली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना महाराष्ट्राने १९७७ साली कायद्यात बसवली.

आईला 'एंटायटलमेंट' हा शब्द कधीच ठाऊक नव्हता. पण खडीच्या ढिगाऱ्यावर बसून तिने जे ओळखलं होतं तेच सेन यांनी पुढे ग्रंथात मांडलं. म्हणून मला वाटतं, सोपं सांगणारा विद्वान आपल्याला नेहमीच काही नवं देतो असं नाही. कित्येकदा तो आपलंच अनुभवाचं धन, नीट मोजून आणि नाव देऊन, आपल्याला परत करतो. उपकार कसला त्यात? मूळ मुद्दल आपलंच आहे.

आता दुसरी बाजूही पाहायला हवी. सोपं करण्यात धोका आहे, असं पुष्कळ विद्वान म्हणतात आणि ते खोटं नाही. सेन यांचंच उदाहरण घ्या. जिथे निवडणुका होतात आणि वर्तमानपत्रं मोकळी असतात तिथे मोठा भूकबळीचा दुष्काळ पडत नाही, असं त्यांनी दाखवलं. कारण सरकारला जाब द्यावा लागतो. १९४३ च्या ऑगस्टमध्ये कलकत्त्याच्या 'स्टेट्समन'चे संपादक इयन स्टीफन्स यांनी भुकेने मरणाऱ्यांची छायाचित्रं छापली, तेव्हा कुठे सरकारी मौनाला तडा गेला. पण या विचाराची घोषणा झाली, "लोकशाहीत दुष्काळ पडत नाही!" आपल्या मराठीत तर 'दुष्काळ' हा एकच शब्द पाऊस न पडण्यालाही चालतो आणि उपासमारीलाही. घोषणा ऐकणारा म्हणणार, मग आमच्याकडे दर चार वर्षांनी पडतो तो काय? आणि मेळघाटातल्या कुपोषित मुलांचं काय? सेन यांनी स्वतःच बजावलं आहे, की लोकशाही एकदम कोसळणारी उपासमार थोपवते, पण रोजची, मुकी अर्धपोटी भूक तिच्या नजरेतून निसटते. म्हणजे विचारात ते 'पण' होतं. घोषणा करणाऱ्यांनी ते गाळलं.

माझ्या मते सोपं आणि स्वस्त यांतला फरक हाच. सोपं सांगणारा पायऱ्या लहान करतो, स्वस्त सांगणारा पायऱ्याच गाळतो. पहिल्याच्या मागून आपण स्वतः चढतो, दुसरा आपल्याला उचलून वर ठेवतो. मग तिथून खाली कसं यायचं ते आपल्याला कळत नाही.

याची एक कसोटी मला सापडली आहे. सोपं करून सांगितल्यावर ऐकणाऱ्याला 'मला हे पटत नाही' असं म्हणता येतं का? सेन यांच्या २००९ सालच्या 'द आयडिया ऑफ जस्टिस'मध्ये एका बासरीची गोष्ट आहे. तीन मुलांचं त्या बासरीवरून भांडण. एक म्हणते, ती वाजवता फक्त मलाच येते. दुसरा म्हणतो, मी सगळ्यांत गरीब, माझ्याकडे एकही खेळणं नाही. तिसरी म्हणते, राबून बनवली मी. बासरी कुणाला द्यायची? सेन यांच्या मते तिन्ही दाव्यांमागे भक्कम विचार आहे, आणि एकच बरोबर उत्तर निघेलच असं नाही. ही गोष्ट मी आमच्या जेवणाच्या टेबलावर सांगितली, तर मुलगी आणि सासरे यांचं तासभर जुंपलं. दोघांनी सेन यांचं पान उघडलं नव्हतं, पण प्रश्न दोघांच्याही हातात पूर्णपणे आला होता. बंगालच्या आकड्यांवरही पुढे अभ्यासकांनी सेन यांच्याशी वाद घातला. वाद घालता आला, कारण सगळा हिशेब उघडा मांडलेला होता.

उलट अवघडपणाच्या आडोशाला काय काय लपतं ते आपण २००८ साली पाहिलं. घरकर्जांची गाठोडी बांधून, ती पुन्हा फोडून, नवी नावं देऊन विकली गेली. भल्याभल्यांना त्यात काय आहे ते कळत नव्हतं, आणि 'कळलं नाही' असं म्हणायची लाज वाटत होती. त्या नोव्हेंबरमध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेलेल्या राणी एलिझाबेथ यांनी विचारलं, की हे कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही? प्रश्न किती साधा! आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाचं घर पुढच्या वर्षी गेलं. व्याजाचा दर तीन वर्षांनी बदलेल हे कागदावर होतं, पण ते समजेल असं कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. तो कागद खोटा नव्हता, पण प्रामाणिकही नव्हता.

माझ्या क्षेत्राचंही सांगतो. २००७ च्या ऑगस्टमध्ये मिनिआपोलिसचा महामार्गावरचा पूल कोसळला आणि १३ माणसं गेली. त्यानंतर गावोगावच्या सभांमध्ये लोक विचारू लागले, आमचा पूल यादीत 'स्ट्रक्चरली डेफिशियंट' आहे, म्हणजे तो पडणार का? हा शब्द तपासणीतली एक श्रेणी सांगतो. पूल आज पडेल असा त्याचा अर्थ नाही आणि काळजीचं कारण नाही असाही नाही. हे दोन्ही एका दमात, कुणाला न घाबरवता आणि न झोपवता सांगणं हे मला तुळईच्या गणितापेक्षा जड गेलं. पण त्या पुलावरून रोज शाळेची बस जात होती. ज्यांची मुलं त्या बसमध्ये होती, त्यांना कळेल असं उत्तर मिळण्याचा हक्कच होता. तेव्हापासून 'उपकार की कर्तव्य' या प्रश्नाचं माझं उत्तर ठरलं आहे. ज्याच्या जगण्यावर आपल्या ज्ञानाचा परिणाम होतो, त्याला ते समजावून सांगणं हे कर्तव्य आहे.

परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना अभिमान वाटावा असं एक नाव इथे घेतो. सखाराम गणेश देऊस्कर. हे मराठी गृहस्थ देवघरकडे वाढले आणि त्यांनी १९०४ साली बंगालीत 'देशेर कथा' लिहिलं. इंग्रजी राज्यात देश कंगाल कसा होतो आहे, हे दादाभाई नौरोजींसारख्यांनी इंग्रजीत मांडलेलं अर्थशास्त्र त्यांनी सामान्य बंगाली वाचकाच्या हाती दिलं. १९१० साली सरकारने त्या पुस्तकावर बंदी घातली. इंग्रजीतल्या जाडजूड ग्रंथांना सरकार फारसं भ्यालं नव्हतं, पण तेच लोकांच्या भाषेत आल्यावर भ्यालं. सोप्या शब्दाची ताकद याहून वेगळी काय सांगायची?

आणि आपलं, वाचकांचं देणं? ते थोडं आहे, पण आहे. सोप्या पुस्तकाचंही एखादं पान दोनदा वाचावं लागतं. सेन यांची वाक्यंही कधी कधी आगगाडीसारखी लांब असतात. तेवढे कष्ट घ्यावेत. आवडत्या लेखकाची आरती न करता त्याला प्रश्न विचारावेत. आणि आपण प्रत्येक जण कशातले तरी जाणकार आहोतच. कुणी डॉक्टर, कुणी विमा कंपनीत, कुणी सॉफ्टवेअरमध्ये. पुढच्या वेळी कुणी भीत भीत विचारलं, "म्हणजे नक्की काय हो?" तर घड्याळाकडे न बघता खुर्ची ओढून बसावं. विचारणाऱ्याने निम्मं काम केलेलं असतं, उरलेलं निम्मं आपलं.